तिसऱ्या मजल्यावरचं भात

आमच्या सोसायटीत माझ्याबद्दल एक छान गोष्ट सांगितली जाते. शनिवारी मुंबईहून येणारे फ्लॅटवाले ती आपल्या पाहुण्यांना सांगतात, आणि मग ते पाहुणे जिन्यात मला वाट देताना जरा जास्तच आदराने भिंतीला चिकटतात. गोष्ट अशी: तिसऱ्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्याने, कुणी विचारलं नसताना, भर मिटिंगीत आपली चूक कबूल केली आणि हाती आलेला बागेतला वाफा तळमजल्यावरच्या गरीब बाईला देऊन टाकला.

यातला म्हातारा मी. बाई गरीब नाही. वाफा माझा नव्हता, त्यामुळे तो देऊन टाकण्याचा प्रश्नच नव्हता. आणि मी कबूल केली ती पाऊण चूक होती. उरलेली पाव इथे लिहितो.

आमची इमारत काशीदच्या अलीकडे, रस्ता आणि भातशेतं यांच्या मध्ये उभी आहे. अर्ध्या फ्लॅटांना कुलूप असतं. ते शनिवारी उघडतं आणि रविवारी संध्याकाळी दाराबाहेर कचऱ्याच्या पिशव्या ठेवून पुन्हा लागतं. कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाल्यावर मी आणि बायको इथे राहायला आलो. माझं मूळ गाव तळ्याकडचं, घरची भातशेती. ती थोरला भाऊ करतो. मी जन्मात कधी केली नाही, आणि म्हणूनच बहुधा तिच्याबद्दल अधिकारवाणीने बोलतो.

बिल्डरने फ्लॅट विकताना जे रंगीत पत्रक दिलं होतं त्यात इमारतीच्या मागे क्लब हाऊस आणि पोहण्याचा तलाव होता. तलाव दर पावसाळ्यात आपोआप होतो. क्लब हाऊसच्या जागी टाकळा आणि रानतुळस माजली. मग एका वर्षी सेक्रेटरींनी जाहीर केलं की त्या जागेवर आपण सगळ्यांसाठी भाजीचे वाफे काढू, प्रत्येकाने आपापला वाफा कसायचा. हे सेक्रेटरी जेमतेम पंचेचाळिशीचे, रिसॉर्टांना पाण्याच्या मोटारी पुरवतात, आणि कुठल्याही प्रश्नावर कमिटी नेमतात. त्यांनी हरित कमिटी नेमली. कमिटीने जागा मोजली. मग मोजणी चुकली म्हणून पुन्हा मोजली. मग कुंपण. मग कुंपणातून आत आलेल्या गुरांवर चर्चा. मी तेवढ्यात दोनदा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आलो.

वाट बघताना माणूस काहीतरी करतोच. मी घरात शेती सुरू केली.

सुरुवात तळमजल्यावरच्या बाईमुळे झाली. ती कोळीण, नाक्यावर मासळी विकते, मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहते. बर्फात मासळी येते ते थर्मोकोलचे खोके तिच्याकडे पडून असत. मी मागितल्यावर तिने ते धुऊन, उन्हात तापवून, तळाला भोकं पाडून वर आणून दिले.

"मेथी लावा, काका. ह्यात काय बी उगवतंय. माजी पोरं ह्याच्यावर बसूनच वाढली."

मेथी उगवली. तिला पहिल्या दिवसांत बांगड्याचा किंचित वास होता, पण आम्ही मासळी खाणारेच असल्याने चाललं. मग पुदिना स्वयंपाकघरात गेला, मिरची खिडकीच्या ग्रिलमध्ये, टोमॅटो वॉशिंग मशीनवर. टोमॅटोला फुलं यायची आणि गळायची. एक दिवस मशीन कपडे पिळताना थाडथाड हादरलं, आणि त्या आठवड्यात फळं धरली. तेव्हापासून टोमॅटोसाठी मी धुतलेले कपडेही पुन्हा धुवायला टाकत असे.

"घरात दोन माणसांना बसायला जागा नाही," बायको म्हणाली, "आणि कोथिंबिरीला दक्षिणेची खिडकी."

हे सगळं मी वाफ्याची तालीम म्हणून करत होतो. वाफा मिळाला की त्यात काय लावायचं हे माझं ठरलेलं होतं: वाल. आमच्याकडचा कडवा वाल, ज्याचं बिरडं होतं आणि ज्याच्या शेंगा थंडीत मडक्यात घालून पोपटी लावतात. तालीम म्हणून बादलीत वाल लावला. रोज सकाळी पाणी घातलं, चहाची पत्ती घातली, वेळ मिळेल तसं त्याच्याशी बोललो. वेल ग्रिल चढून छताला लागला. शेंग एक नाही.

"पडदा म्हणून बरा आहे," बायको म्हणाली. "बेडरूमलाही असाच करा."

मी भावाला फोन लावला. तो आधी हसला, मग चिडला. "वालाला रोज पाणी घालतोस? पाव्हणा हाय का तो? भात कापल्यावर जमिनीत जी ओल ऱ्हाते ना, तिच्यावर येतो वाल. वरून दव. बाकी त्याला काय लागत न्हाय."

दुसऱ्या कुणाला हे ऐकून कळलं असतं की पाणी कमी घालावं. मी भातवाल्या घरचा असल्याने मला कळलं ते असं, की वालाच्या आधी भात घ्यायला हवं. शेतात भात, मग वाल. बादलीतला वाल फुकट गेला कारण बादलीत आधी भात नव्हतं. इतका शास्त्रशुद्ध गाढवपणा करायला वाडवडिलांची शेती असावी लागते.

पुढच्या जूनमध्ये मी गावी जाऊन भावाच्या खाचरातली माती पोत्यात भरून आणली, रोपंही आणली. एसटीत कंडक्टरने पोत्यावर टाच मारली.

"काका, काय आहे?"

"माती."

"कसली?"

"शेतातली."

"आणि चाललात कुठे?"

"समुद्राकडे. फ्लॅटवर."

"तिकडे माती नाही?"

"आहे. पण भाताची नाही."

त्याने पोत्याचं तिकीट फाडलं आणि ही हकीकत पुढच्या दारापर्यंत सगळ्यांना सांगितली. बस मुरूडच्या फाट्यापर्यंत माझ्याकडे वळून बघत होती.

नातवाचा जुना आंघोळीचा टब, एक अर्धं कापलेलं निळं पिंप आणि बिनभोकाचे दोन खोके अशी माझी जमीन. ती बेडरूमच्या मोठ्या खिडकीत मांडली. टबात उभं राहून, लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून मी चिखल केला. बायको दारात हाताची घडी घालून उभी होती.

"बैल वर चढतील ना? लिफ्ट नाहीये."

मी लावणी केली. रोपं तरारली. चिखल खाली बसला आणि वरचं पाणी आरशासारखं स्वच्छ झालं. सकाळी त्यात आकाशाचा तुकडा दिसायचा. काही दिवसांनी त्यात बारीक काहीतरी वळवळताना दिसलं. मला मनापासून आनंद झाला. शेत जिवंत झालं, असं मी बायकोला बोलावून दाखवलं. खऱ्या शेतात ते वळवळणारं खायला मासे असतात, बेडूक असतात. आमच्या मजल्यावर बेडूक येत नाहीत हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्याच महिन्यात वाफ्यांचा निकाल लागला. वाफे आठ निघाले आणि मागणारे त्याहून बरेच जास्त, त्यात शनिवारवालेही होते, ज्यांना कंपोस्ट खताचा फोटो काढायचा होता. कमिटीने चिठ्ठ्या टाकल्या. तळमजल्यावरच्या बाईला सहा नंबरचा वाफा लागला. मला प्रतीक्षा यादीत पहिला नंबर लागला. म्हणजे या आठांपैकी कुणी सोडला, मेला किंवा वगळला गेला, तर मी.

मी तिचं अभिनंदन केलं. "काय लावणार?"

"मिरची, लाल माठ. नि थंडीत वाल," ती म्हणाली. "नि कडेला जरा जवळा सुकवीन. तुमाला काय लावायचं असंल तर सांगा, एक सरी देते तुमाला."

मी नको म्हणालो. स्वाभिमान. वाफ्यासाठी इतकी वर्षं थांबलेल्या माणसाने सरी कशी घ्यायची?

ऑगस्टच्या शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना ताप आला. निवृत्त शिक्षक, बरोब्बर माझ्या बेडरूमखाली राहतात. डेंग्यू निघाला. मग पहिल्या मजल्यावर दोघांना. मास्तरांना अलिबागला दवाखान्यात ठेवलं, पेशी उतरत होत्या. घरी आल्यावर मी रोज सकाळी त्यांना पपईची कोवळी पानं नेऊन द्यायचो, रस काढायला. मास्तरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी वर येऊन माझ्या भाताला पाणी घालायचो. या दोन कामांमध्ये काही संबंध आहे हे मला कळत नव्हतं असं लिहावंसं वाटतं. एक दिवस वर्तमानपत्रात डासाच्या अळीचं चित्र आलं, तेव्हा ते कळलं. त्या दिवशी भात पोटरीला आलं होतं, लोंबी पोटात धरली होती. आता ओतायचं म्हणजे लोंबी जाणार, आणि लोंबी गेली तर वालाची ओल जाणार. मी चहाच्या गाळणीने अळ्या काढायला लागलो. सगळ्या निघत नाहीत.

दुसऱ्याच दिवशी आरोग्य केंद्रातली ताई आली. तळापासून सुरुवात करायच्या ऐवजी ती आधी मास्तरांकडे गेली, आणि तिथून वर येताना मी तिला जिन्यात पाहिलं. मी आत धावलो. त्या क्षणी आम्ही दोघांनी जी चपळाई दाखवली तिची आठवण येऊन बायकोची कंबर अजून दुखते. टब, पिंप, खोके, सगळं बाथरूममध्ये ढकललं. बायको आत गेली, कडी लावली आणि मगाने धबाधबा पाणी ओतायला लागली. कुणीही ऐकलं असतं तर म्हटलं असतं, बाई आंघोळ करतेय. दुपारी तीन वाजता.

ताईने घर पाहिलं. कोथिंबीर पाहिली, टोमॅटो पाहिले, हसली. "छान छंद आहे, काका. कुठे पाणी साठवता का? पिंप, टायर, फुलदाणी?"

"छे छे. आमच्याकडे कसलं पाणी साठणार?"

"बाथरूम?"

"मिसेस आहेत आत."

ती दाराकडे वळली. जाणार होती. खरंच जाणार होती. मी तिच्या मागे दारापर्यंत गेलो आणि म्हणालो, "ताई, तुम्ही तळमजल्यावर मागच्या बाजूला बघा. निळी पिंपं भरलेली असतात. मासळीचा धंदा आहे, पाणी लागतं त्यांना."

हे वाक्य जानेवारीपर्यंत सोसायटीत कुणालाच माहीत नव्हतं. बायको आत पाणी ओतत होती, तिने ऐकलं नाही. ताई दारातून लवकर जावी एवढंच माझ्या मनात होतं, असं मी स्वतःला पुष्कळ महिने सांगितलं. पण ताई निघालेलीच होती. ते वाक्य बोलताना माझ्या डोळ्यांपुढे सहा नंबरचा वाफा होता, दोरी बांधून आखलेला.

खाली पिंपं होतीच. नळाला दिवसाआड पाणी येतं, नाक्यावर मासळी धुवायची, ती काय खिशात पाणी ठेवणार? पिंपांवर फडकी बांधलेली होती. ताईने टॉर्च मारून पाहिलं. अळ्या मिळाल्या नाहीत. पण खबरदारी म्हणून पिंपं आडवी करून ओतायला लावली, आणि तेवढ्यात अर्धी सोसायटी गॅलरीत आली. पिंपं ओतलेली सगळ्यांनी पाहिली. त्यांत काही मिळालं नाही हे पाहायला कुणी खाली उतरलं नाही. तिच्या जवळ्याच्या वासावरून आधीपासून नाक मुरडणारे बरेच होते. त्यांना वासापेक्षा मोठं कारण हवंच होतं.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये मिटिंग झाली. सेक्रेटरी तळमजल्यावरच्या बाईला म्हणाले, "ताई, राग नका मानू. पण बाग म्हणजे पुन्हा पाणी, पिंपं. आरोग्याच्या दृष्टीने सध्या तुमचं नाव बाजूला ठेवू या."

"माज्या पिंपात कायच नव्हतं," ती म्हणाली. "त्या बाईला विचारा ना."

"सध्या म्हणतोय, ताई. सध्या."

"सध्या म्हंजे किती? मी मेल्यावर?"

कुणीतरी हसलं. ती उठून गेली. सेक्रेटरी यादीकडे बघून म्हणाले, "मग सहा नंबर... काका, अभिनंदन." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनीही, अजून हात थरथरत होते तरी. मी हात जोडले. हात जोडण्यात फार सोय असते, बोलावं लागत नाही.

भात पिकलं. मी ते कात्रीने कापलं, उशीच्या अभ्र्यात घालून झोडपलं. एक वाटी तांदूळ निघाला. त्याचा भात बायकोने लावला आणि ताटात वाढला. तिने घास घेतला नाही.

"मास्तरांच्या अंगातलं किती रक्त गेलं असेल यात?" ती म्हणाली. "आणि खालच्या बाईचं तोंड काळं झालं ते वेगळं. मिटिंगीत सांगा जाऊन. नाहीतर मी सांगते."

दसऱ्यानंतरच्या मिटिंगीत मी उठलो. घरात भात लावलं, त्यात डास झाले, टब-पिंप लपवले, ताप माझ्यामुळे आला असणार, खालच्या ताईंचा काही दोष नाही, सहा नंबर त्यांचा आहे. पाठ करून गेलो होतो, एका दमात बोललो. म्हणजे पाऊण बोललो. दारातलं वाक्य तेवढं गाळलं.

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "काका," ते म्हणाले, आवाज भरून आला होता, "तिसऱ्या मजल्यावर भातशेती? एका बाईवरचा आळ स्वतःवर घ्यायला माणूस किती पुढे जाऊ शकतो, हे आज आम्ही पाहिलं."

मी म्हणालो, "नाही हो, खरंच लावलं होतं. टबात."

"टबात!" मागून कुणीतरी कौतुकाने म्हणालं.

मी जितकं खरं सांगत होतो तितकी माझी उंची वाढत होती. एसटीतल्या पोत्याचं सांगितलं, तर एक शनिवारवाल्या बाई डोळे पुसायला लागल्या. पुढच्या रविवारी मला शाल आणि नारळ देण्यात आला. ऑक्टोबरचं ऊन, त्यात ती लोकरी शाल. सेक्रेटरींनी जाहीर केलं की काकांच्या मोठ्या मनाचा मान राखून सहा नंबर ताईंना देण्यात येत आहे.

ती मागे उभी होती. मासळीची पाटी कडेला ठेवून आली होती. "काका खरं बोलत असतील तर शाल कशाला?" ती म्हणाली. "नि खोटं बोलत असतील तर टाळ्या कशाला?"

"ताई, तुम्हाला वाफा देतोय ना आम्ही. काकांच्या शब्दावर."

"काकांच्या शब्दावर नको मना. माजी चिठ्ठी निघाली होती. ती कुठं टाकलीत, समिंदरात?" आणि माझ्याकडे वळून, "भीक म्हणून तुमी देणार, नि घाण मीच केली असं म्हणवून मी घेणार. तुमचा वाफा तुमाला लखलाभ."

वाफा तसाच राहिला. मी लावायचा नाही, ती घ्यायची नाही. बाकी सात वाफ्यांत मुळा, पालक, आणि एका वाफ्यात शनिवारवाल्यांनी लावलेलं ब्रोकोली नावाचं काहीतरी. सहा नंबरमध्ये पावसाची ओल रोज थोडी थोडी उडत होती. वाल पेरायचे ते हेच दिवस. मी गॅलरीतून बघायचो, माती वरून पांढरी पडत चालली होती. तिचाही जीव तुटत असणार. येता-जाता ती तिकडे न बघता जायची, आणि इतकं न बघणं बघितल्याशिवाय जमत नाही.

नोव्हेंबरच्या मिटिंगीत बायको उठली. आजवर ती मिटिंगीत कधी बोललेली नाही.

"हे खोटं बोलले नाहीत," ती म्हणाली. "खरंच भात होतं. टब मी ढकलला, माझी कंबर बघा हवी तर. मी आत बसून पाणी ओतत होते, साबणसुद्धा नव्हता हातात. भात एक वाटी झालं. आणि टब, पिंप, खोके अजून आहेत, ज्याला बघायचे त्याने आत्ता वर यावं."

नवऱ्याने स्वतःबद्दल सांगितलेलं कुणाला पटत नाही. बायकोने त्याच्याबद्दल वाईट सांगितलं की शंकेला जागाच राहत नाही. सगळ्यांना एका क्षणात पटलं. मास्तर हळूच माझ्याकडे वळले.

"म्हणजे ती पपईची पानं..."

"हो."

"फार कडू होती हो," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा समोर बघायला लागले.

तळमजल्यावरची बाई मागून म्हणाली, "आता माजी चिठ्ठी काढा. नि मोठ्यानं वाचा." सेक्रेटरींनी वाचली. तिने जागच्या जागी मान डोलावली, कुणाचे आभार मानले नाहीत, आणि त्याच दुपारी कुदळ घेऊन सहा नंबरात उतरली.

माझी शिक्षा म्हणाल तर झाली नाही. पंधरा दिवस लोक जरा तुटक वागले. मग नवीन गोष्ट तयार झाली: काका किती प्रामाणिक, स्वतः होऊन सांगितलं, आम्हीच विश्वास ठेवला नाही. एखाद्याला चांगलं म्हणायचं सोसायटीने ठरवलं की त्या माणसाचं काही चालत नाही.

उशिरा पेरूनही तिचा वाल आला. जानेवारीत तिने वाफ्याच्या कडेला पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, बटाटे, वर मीठ-ओवा, मडकं उपडं करून भोवती जाळ. खालून वर येऊन तिने प्रत्येक दारावर सांगितलं. आमच्या दारावर आली तेव्हा दार मी उघडलं.

"काकी हायत का?" ती म्हणाली. "त्यांना खाली बोलावलंय."

बायको गेली. मी गॅलरीत बसलो. भांबुर्डीचा धूर सरळ तिसऱ्या मजल्यावर येतो, मध्ये कुठे थांबत नाही. बायको परत आली तेव्हा तिच्या साडीला तो वास होता.

"कशा होत्या शेंगा?"

"गोड. मऊ."

"माझ्यासाठी काही...?"

"नाही. मी मागितलं पण नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो. ती सुकलेले वेल ओढून काढत होती. मी कुंपणाबाहेर उभा राहिलो आणि ते दारातलं वाक्य तिला जसंच्या तसं सांगितलं. पिंपांकडे आरोग्य केंद्राच्या ताईला मीच पाठवलं, आणि वाफ्यासाठी पाठवलं.

तिचा हात वेलावर थांबला. मी खोक्यांबद्दल काहीतरी बोलायला लागलो, तिने हाताने गप्प केलं.

"हे वर सांगितलंत?"

"नाही."

"काकीला?"

"नाही."

"मग मना कशाला सांगता येऊन? मी एकटी ऐकून काय करू, लोणचं घालू?" तिने वेल खांद्यावरून मागे फेकला. "माजी पिंपं सगळ्या बिल्डिंगीसमोर ओतली. मना आजून लोक इचारतात, मावशी, पाणी झाकून ठेवता ना? मावशी, झाकून! तुमी आधी काकीला सांगा. मग त्या सगळ्यांना सांगा. तवर हितं येऊ नका."

मी वर आलो. बायको वालाचं बिरडं सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि सोलायला लागलो. अर्धं पातेलं सोलून झालं तेव्हा सांगितलं. तिचे हात चालूच राहिले. सगळं सोलून झाल्यावर तिने सालं गोळा केली आणि उठली. दोन दिवस ती जेवण वाढताना डाव जरा लांबून धरायची.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "लिहा. तोंडाने सांगाल तर मध्येच तुमचा गळा दाटून येईल, आणि ते पुन्हा तुमचं कौतुक करतील."

म्हणून लिहिलं. येत्या रविवारच्या मिटिंगीत हे वाचणार आहे, ताईला पिंपांकडे पाठवणारं वाक्य गाळता येणार नाही अशा बेताने बायको शेजारी बसणार आहे. सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवलं, की वाचताना किंवा वाचून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवू नयेत, एवढं बघा.

"काका," ते म्हणाले, "तुमचा हा साधेपणाच..."

मी त्यांना तिथेच थांबवलं. खाली नाक्यावर जाऊन मासळीच्या पाटीसमोर उभा राहिलो आणि तिला सांगितलं की रविवारी अकरा वाजता वाचतोय. तिने बोंबलांवरच्या माशा हाकलल्या.

"पाटी लवकर आटपून येईन," ती म्हणाली. "पुढं बसते. अडखळलात तर मी आहे."